‘पासून’, ‘पर्यंत’ आणि इंग्रजीचा पूर्ण काळ

मराठी माणसाने इंग्रजीत लिहिलेल्या रजेच्या अर्जात एक वाक्य हमखास भेटतं: ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर सिन्स टू डेज.’ मास्तर लाल शाईने दोन ठिकाणी खुणा करतात. ‘ॲम’ खोडून ‘हॅव बीन’ लिहितात आणि ‘सिन्स’ खोडून ‘फॉर’. पहिली चूक काळाची, दुसरी शब्दयोगी अव्ययाची. पुस्तकात हे दोन्ही विषय वेगवेगळ्या धड्यांत येतात, म्हणून वहीतही दोन वेगळ्या चुका मोजल्या जातात. माझं मत असं की ही मुळात एकच चूक आहे. इंग्रजीत पूर्ण काळाचं क्रियापद आणि वेळ सांगणारं अव्यय दोघं मिळून अर्थ ठरवतात. मराठीत तेच काम बरंचसं क्रियापदाच्या रूपावर सोपवलेलं असतं. आपल्याकडे हा फरक कोणी समोर मांडत नाही, आणि पहिलीपासून इंग्रजी शिकलेली मुलंही पदवीपर्यंत त्याच वाक्यात अडकतात.

पुण्याजवळच्या लोणी काळभोरला हा प्रश्न रोजचा आहे. एका बाजूला जिल्हा परिषदेच्या मराठी शाळा, दुसऱ्या बाजूला राजबागेतलं एमआयटीचं कला, रचना आणि तंत्रज्ञान विद्यापीठ, जे 2015 च्या कायद्याने उभं राहिलं आणि जिथे सगळा व्यवहार इंग्रजीत चालतो. मधल्या सोलापूर रस्त्यावर बँका, दवाखाने, गोदामं, पेट्रोलियम कंपन्यांचे डेपो. गावातल्या शाळेतून निघालेलं मूल दहा-बारा वर्षांत यांपैकी कुठल्या तरी दारात नोकरीचा अर्ज घेऊन उभं राहतं. त्या अर्जातलं एक वाक्य तरी ‘मी अमुक वर्षांपासून अमुक काम करतो’ अशा घाटाचं असतंच.

इंग्रजीच्या पूर्ण वर्तमानकाळाने, म्हणजे ‘हॅव-हॅज अधिक व्ही थ्री’ने, व्याकरणकारांना बराच घाम फोडला आहे. 1947 मध्ये हान्स रायखेनबाख या तर्कशास्त्रज्ञाने काळाचा हिशेब तीन बिंदूंवर बसवला: घटना घडली तो क्षण, बोलणारा बोलतो तो क्षण आणि ज्या जागेवरून घटनेकडे पाहायचं तो क्षण. साध्या भूतकाळात आपण घटनेच्याच जागी जाऊन उभे राहतो. पूर्ण वर्तमानकाळात आपण ‘आत्ता’मध्येच उभे असतो आणि मागे वळून पाहतो. पुढे जेम्स मॅकॉली यांनी 1971 मध्ये आणि बर्नार्ड कॉम्री यांनी 1976 च्या पुस्तकात या काळाचे चार-चार प्रकार वेगळे काढले. त्यांची नावं जराशी निराळी आहेत, आशय जवळपास एकच: अजून चालू असलेली स्थिती, कधीतरी आलेला अनुभव, उरलेला परिणाम आणि ताजी बातमी. 1978 मध्ये रॉबर्ट मॅकोर्ड यांनी या सगळ्यांना एका सूत्रात ओवलं. त्यांचं म्हणणं असं की हा काळ एक अवधी आखतो. त्या अवधीचं उजवं टोक नेहमी ‘आत्ता’ला चिकटलेलं असतं, डावं टोक मात्र मोकळं असतं.

शिकवणाऱ्याच्या दृष्टीने मला यातलं शेवटचं सूत्र सगळ्यांत उपयोगी वाटतं, कारण अव्ययांचं काम त्यातून लगेच उलगडतं. उजवं टोक क्रियापदाने धरलेलं आहे, डावं कोणीतरी सांगायला हवं. ‘सिन्स’ डावं टोक दाखवतो: 2015, सोमवार, पावसाळा, लग्न झाल्याचा दिवस. ‘फॉर’ टोक दाखवत नाही, लांबी सांगतो: दोन दिवस, दहा वर्षं. ‘सिन्स टू डेज’ इंग्रज कानाला खटकतं, कारण ज्या जागी टोक हवं तिथे लांबी ठेवली आहे. आणि ‘आय ॲम सफरिंग’ खटकतं, कारण त्या रूपात अवधीच नाही. फक्त ‘आत्ता’ आहे. अव्यय अवधी मागतं आणि क्रियापद तो देत नाही. लाल शाईच्या त्या दोन खुणा अशा एका जागी येऊन मिळतात.

मग मराठी माणूस ‘सिन्स टू डेज’ म्हणतो तरी का? कारण ‘पासून’ दोन्हीकडे चालतं. ‘सोमवारपासून ताप आहे’ आणि ‘दोन दिवसांपासून ताप आहे’ ही दोन्ही वाक्यं शुद्ध मराठी. हवेली-दौंड पट्ट्यात ‘सकाळधरनं’ म्हणतील, ‘दोन दिस झालं’ म्हणतील, ‘कालपास्नं’ म्हणतील. त्यातही बिंदू आणि लांबी यांची फारकत काटेकोर नाही. दुसरं कारण ‘फॉर’च्या शिकवणीत आहे. मुलाला ‘फॉर’ म्हणजे ‘साठी’ असं पहिल्यांदा कळतं आणि ते तसंच डोक्यात राहतं. पण ‘फॉर टू इयर्स’ला मराठीत अव्यय लागतच नाही. ‘मी दोन वर्षं तिथे होतो’ किंवा ‘गेली दोन वर्षं मी तिथे आहे’ एवढं पुरतं. म्हणजे ज्या जागी इंग्रजीला ‘फॉर’ हवा, त्या जागी मराठी मोकळी असते. ‘पासून’ मनात आला की हाताशी असलेलं एकमेव प्रतिरूप ‘सिन्स’, आणि तेच वाक्यात बसतं. क्रियापदाचंही तसंच. ‘दोन दिवसांपासून आजारी आहे’ यात साधा वर्तमानकाळ आहे. तोच इंग्रजीत उतरतो.

यात मराठी माणूस एकटा नाही. हिंदी भाषक ‘दो साल से’ म्हणतो आणि वर्तमानकाळच वापरतो. जर्मन माणूस ‘झाइट’ आणि फ्रेंच माणूस ‘दप्युई’ म्हणतो; दोघांचंही क्रियापद वर्तमानातलं असतं आणि दोन्ही शब्दांना बिंदूही चालतो, लांबीही चालते. चालू असलेल्या गोष्टीला वर्तमानकाळ द्यायचा ही जगातल्या कितीतरी भाषांची सरळ रीत आहे. इंग्रजीची वाट वेगळी आहे. हे वर्गात सांगितलं तर मुलाच्या मनातला ‘मला इंग्रजी येत नाही’ हा सल थोडा सैल होईल असं मला मनापासून वाटतं. तो चुकतो तेव्हा त्याची भाषा त्याला एक शहाणपणाचा नियम सांगत असते. फक्त तो नियम इंग्रजीचा नसतो.

आता ‘फॉर’कडे जरा निवांत पाहू, कारण खरी गंमत तिथेच आहे. ‘आय हॅव लिव्ड इन लोणी’ एवढंच म्हटलं तर अर्थ होतो, ‘मी लोणीत राहिलेलो आहे’, कधीतरी; आता कुठे आहे ते सांगितलेलं नाही. सबिने इयात्रिदू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 च्या लेखात हे नेमकं दाखवलं: चालू स्थितीचा अर्थ हवा असेल तर इंग्रजीला असं अव्यय जोडावंच लागतं. जोडल्यावरही काम संपत नाही. ‘आय हॅव लिव्ड इन लोणी फॉर फाइव्ह इयर्स’ या वाक्याला दोन अर्थ आहेत. एक, पाच वर्षांपूर्वी आलो आणि अजून आहे. दोन, आयुष्यात कधीतरी पाच वर्षं लोणीत काढली, आता भले सांगलीत असेन. डेव्हिड डाउटी यांनी 1979 मध्ये लक्षात आणून दिलं की ‘फॉर फाइव्ह इयर्स’ उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवलं की दुसरा अर्थ गळून पडतो. म्हणजे अव्यय कोणतं एवढ्याने भागत नाही, ते कुठे बसलं यानेही अर्थ बदलतो.

मराठीत ही दोन वाक्यं कोणी एकात एक मिसळेल का? ‘मी लोणीत पाच वर्षं राहिलोय’ आणि ‘मी लोणीत पाच वर्षं राहतोय.’ शाळेत न गेलेली आजीही यात गोंधळणार नाही. ‘पाच वर्षं’ दोन्हीकडे तेच, जागाही तीच. फरक ‘राहिलोय’ आणि ‘राहतोय’ एवढाच. इंग्रजी जिथे अव्यय, जागा आणि संदर्भ यांचा आधार घेते, तिथे मराठी एका रूपाने मोकळी होते. आणि मराठीकडे आणखी एक रूप आहे, ज्याकडे शालेय व्याकरणात फारसं लक्ष जात नाही: ‘करत आलोय’. ‘गेली वीस वर्षं मी हेच सांगत आलोय’, ‘आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वारी चालत आली आहे.’ यात डावं टोक मागे आहे, उजवं टोक ‘आत्ता’ला भिडलेलं आहे, मधला काळ भरलेला आहे. मॅकोर्ड यांनी इंग्रजीसाठी जे वर्णन केलं ते या मराठी रूपावर जसंच्या तसं बसतं. ‘हॅव बीन सेइंग’चं सगळ्यांत जवळचं मराठी रूप ‘सांगतो आहे’ नसून ‘सांगत आलो आहे’ आहे. इंग्रजी शिकवणाऱ्याने इथूनच सुरुवात केली तर अर्धी वाट आधीच चाललेली असेल.

‘सिन्स’विषयी एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. ‘सिन्स म्हणजे चालू क्रिया’ असं वर्गात सर्रास सांगितलं जातं. लोणी काळभोर पोलीस ठाणं 2021 पासून पुणे शहर आयुक्तालयात आहे, त्याआधी ते ग्रामीण पोलिसांकडे होतं. इथे ‘हॅज बीन अंडर द सिटी पोलीस सिन्स 2021’ हे चालू स्थितीचं वाक्य झालं. पण ‘आय हॅव बीन टु पंढरपूर थ्री टाइम्स सिन्स 2021’ यात काही चालू नाही. 2021 ते आज या अवधीत तीन वाऱ्या मावल्या, एवढंच. ‘सिन्स’ फक्त अवधीची कड सांगतो. तो अवधी भरलेला आहे की त्यात तीन-चार घटना विखुरल्या आहेत, हे क्रियापदाच्या जातीवरून ठरतं. पुण्यात मिठाईच्या दुकानापासून गॅरेजपर्यंत पाट्यांवर नुसतं ‘सिन्स’ आणि साल असतं. क्रियापद गाळलेलं असूनही वाचणारा ‘तेव्हापासून आजपर्यंत’ असंच वाचतो. जुन्या मराठी पाटीवर तिथे ‘स्थापना’ लिहीत, म्हणजे फक्त घटना. आजपर्यंतचा प्रवास वाचणाऱ्यावर सोडलेला.

नकारात पुन्हा वेगळंच घडतं. ‘दोन वर्षं तो दिसला नाही’ आणि ‘दोन वर्षांत तो दिसला नाही’ ही दोन्ही वाक्यं आपण बोलतो. इंग्रजीतही नकारात ‘फॉर टू इयर्स’ आणि ‘इन टू इयर्स’ दोन्ही चालतात. होकारात मात्र ‘इन’ला ‘द लास्ट’ जोडल्याशिवाय हा अर्थ येत नाही. इथे मराठी विद्यार्थ्याची जीभ त्याला बरोबर वाट दाखवते. असे बिनचूक जुळणारे तुकडे आपण शोधून शिकवत नाही, फक्त न जुळणारे खोडत बसतो.

आता ‘काल’चा प्रश्न. इंग्रजीत पूर्ण वर्तमानकाळ आणि ठरावीक भूतकाळाची वेळ यांचं जमत नाही. जून-जुलैत तुकोबांची पालखी पुण्याहून निघून लोणी काळभोरच्या मुक्कामी येते. मराठी वार्ताहर सहज सांगतो, ‘पालखी सायंकाळी सहा वाजता लोणीत पोचली आहे.’ वाक्यात कुठेही खोट नाही. हेच इंग्रजीत ‘हॅज रीच्ड लोणी ॲट सिक्स’ असं केलं की बिघडतं. एकतर ‘हॅज रीच्ड’ म्हणा आणि वेळ सोडा, किंवा वेळ ठेवा आणि ‘रीच्ड’ म्हणा. नेदरलँड्समधल्या नायमेगेनच्या माक्स प्लांक संस्थेतले वोल्फगांग क्लाइन यांनी 1992 मध्ये याला कोडं म्हटलं, कारण साधी कारणं पुरत नाहीत. घटना भूतकाळात घडली आहे, वेळही भूतकाळातली आहे. मग अडतं कुठे? त्यांचं उत्तर असं की पूर्ण वर्तमानकाळात बोलण्याचा क्षण आधीच पक्का केलेला असतो. घटनेचा क्षणही अव्ययाने पक्का केला, तर एका वाक्यात दोन खिळे होतात आणि इंग्रजी एकच सोसते. हे उत्तर सगळ्यांनी मान्य केलेलं नाही. जर्मनमध्ये आणि फ्रेंचमध्ये तसाच घडवलेला काळ ‘काल’बरोबर खुशाल चालतो. मराठीत तर ‘मी कालच त्याला भेटलोय’ आपण दिवसातून दहा वेळा म्हणू. म्हणजे बंधन या काळाच्या घडणीत नाही, इंग्रजीच्या चालीत आहे.

त्याच चालीचा आणखी एक परिणाम. लोणीतली जुनी माणसं राजबागेकडे बोट दाखवून म्हणतात, ‘राज कपूर इथे राहिलेले आहेत.’ राज कपूर 1988 मध्ये गेले, तरी मराठी वाक्य ठणठणीत आहे. इंग्रजीत ‘राज कपूर हॅज स्टेड हिअर’ ऐकलं तर माणूस हयात आहे असं वाटतं, कारण अवधीचं उजवं टोक आजला चिकटलेलं आहे. नोम चॉम्स्की यांनी हेच आइन्स्टाइन आणि प्रिन्स्टन यांच्या उदाहरणाने दाखवलं होतं.

‘पूर्वी’ हा शब्द तर मराठी विद्यार्थ्याला चकवा लावतो. ‘दोन वर्षांपूर्वी मी इथे आलो’ याचं ‘आय केम हिअर बिफोर टू इयर्स’ होतं, आणि ते कोणत्या भाषेतून आलं हे एका क्षणात ओळखू येतं. इंग्रजीत आजपासून मागे मोजायचं तर ‘अगो’, आणि भूतकाळातल्या एखाद्या क्षणापासून मागे मोजायचं तर ‘बिफोर’. पहिल्याबरोबर साधा भूतकाळ, दुसऱ्याबरोबर बहुधा ‘हॅड’. आणि लांबी न सांगता नुसतं ‘बिफोर’ शेवटी ठेवलं की पुन्हा ‘हॅव’ चालतो: ‘आय हॅव सीन धिस बिफोर.’ एका शब्दाभोवती तीन काळ फिरतात. विद्यार्थ्याला सांगण्यासारखी एक गोष्ट आहे: ‘अगो’ हा इंग्रजीतला दुर्मीळ शब्द आहे जो आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा मागून येतो. ‘टू इयर्स अगो’, ‘दोन वर्षांपूर्वी’, क्रम तोच. मुलांना हे दाखवलं की ‘बिफोर टू इयर्स’ पुष्कळ कमी होतं.

पूर्ण भूतकाळाकडे आलं की मराठी आणि इंग्रजी समोरासमोर उभ्या राहतात. ‘काल मी पुण्याला गेलो होतो’ हे मराठीत कुठल्याही दुसऱ्या घटनेची वाट न पाहता पूर्ण वाक्य आहे. ‘गेलो’ म्हटलं तर गोष्ट पुढे सरकते; ‘गेलो होतो’ म्हटलं तर ती आटोपली, माणूस परत आला. इंग्रजीच्या ‘हॅड गॉन’ला असं एकटं उभं राहता येत नाही. त्याला भूतकाळातला एक क्षण लागतो, ज्याच्या आधी हे घडलं. म्हणून ‘आय हॅड गॉन टु पुणे यस्टरडे’ ऐकून इंग्रज श्रोता पुढच्या वाक्याची वाट पाहत राहतो. पूर्ण वर्तमानकाळाच्या चुका शिक्षकांना दिसतात. ही चूक दिसतच नाही, कारण व्याकरणाच्या तक्त्यात ते रूप शुद्ध आहे.

या रूपाबरोबर वेळेचं अव्यय आलं की आणखी एक गाठ पडते. पुणे-दौंड मार्गावर लोणीचं स्टेशन आहे. ‘द ट्रेन हॅड लेफ्ट लोणी ॲट फाइव्ह.’ गाडी पाचला सुटली, की पाचला पाहिलं तेव्हा ती आधीच सुटलेली होती? इंग्रजीत दोन्ही होतं. ‘ॲट फाइव्ह’ पुढे आणलं तर दुसरा अर्थ वर येतो, मागे ठेवलं तर बहुधा पहिला. पण खात्री नाही. क्लाइन यांच्या कोड्याची दुसरी बाजू हीच: ‘हॅज’बरोबर जे चालत नाही ते ‘हॅड’बरोबर चालतं, आणि चालल्यावर दोन अर्थ देतं. मराठीत ‘पाच वाजता गाडी सुटली होती’ यात थोडी संदिग्धता आहेच. पण ‘पाच वाजता गाडी सुटलेली होती’ म्हणा, आणि ती संपली. पाच वाजता जी स्थिती होती तिच्याविषयी आपण बोलतोय हे ‘सुटलेली’ने स्पष्ट झालं. मोरो केशव दामले यांच्या 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून आपल्याकडे क्रियापदाच्या रूपांचा बारकाईने विचार होत आला आहे. रमेश धोंगडे आणि काशी वाली यांचं मराठीवरचं इंग्रजी पुस्तक 2009 चं. ‘सुटली होती’ आणि ‘सुटलेली होती’ यांच्यातला फरक इंग्रजीच्या वर्गात आणायला यापेक्षा मोठी सामग्री कशाला हवी? ‘बाय फाइव्ह’ आणि ‘ॲट फाइव्ह’ यांतला फरक तिथेच सुटतो.

‘बाय’ निघालाच आहे तर ‘पर्यंत’विषयी थोडक्यात. ‘सोमवारपर्यंत मी काम करीन’ आणि ‘सोमवारपर्यंत मी काम संपवीन’ यांत ‘पर्यंत’ एकच आहे. इंग्रजीत पहिल्याला ‘टिल’, दुसऱ्याला ‘बाय’. ‘बाय’ला पूर्ण काळाची ओढ आहे: ‘बाय मंडे आय विल हॅव फिनिश्ड’, ‘बाय 1818 द पेशवाज हॅड लॉस्ट पुणे.’ ‘टिल’ चालू राहणारी क्रिया मागतो, ‘बाय’ संपलेली मागतो. मराठीत हा भेद ‘करीन’ आणि ‘संपवीन’ या धातूंमध्येच असतो, म्हणून अव्यय एकच पुरतं. नोकरीच्या पत्रात ‘आय विल सबमिट इट टिल मंडे’ असं वाक्य जातं तेव्हा समोरच्याला ते सोमवारपर्यंत सतत काहीतरी सादर करण्यासारखं वाटतं. रजेच्या अर्जातली चूक निभावून नेता येते. या चुकीने कामाची तारीखच गडबडते.

‘लास्ट इयर’ आणि ‘इन द लास्ट इयर’ यांत एका ‘इन द’ने काळ बदलतो. पहिल्यात मागचं वर्ष बंद झालेलं, म्हणून साधा भूतकाळ. दुसऱ्यात आजपासून मागचे बारा महिने, म्हणून ‘हॅव’. ‘मागच्या वर्षी’ आणि ‘गेल्या वर्षभरात’ ही आपली जोडी तंतोतंत हेच सांगते. ‘ओव्हर’, ‘ड्यूरिंग’, ‘विदिन’ यांचीही वाट साधारण हीच.

आता एक प्रश्न उरतो, आणि त्यावर जाणकारांत एकमत नाही. हे सगळे नियम खरोखर इतके अटळ आहेत का? योहान एल्सनेस यांच्या 1997 च्या अभ्यासात दिसतं की जुन्या इंग्रजीत ठरावीक वेळेबरोबर पूर्ण काळ येत असे. बंदी पुढे घट्ट झाली. अमेरिकेत ‘यट’ आणि ‘ऑलरेडी’बरोबर साधा भूतकाळ सर्रास चालतो. ऑस्ट्रेलियात पोलिसांच्या निवेदनांत आणि गोष्ट सांगताना पूर्ण वर्तमानकाळ पार पसरलेला आहे. मग भारतीय इंग्रजीने ‘सिन्स टू इयर्स’ म्हटलं तर त्याला चूक म्हणावं, की बोलीचं वैशिष्ट्य? या वादाचं एक मोठं साधन महाराष्ट्रातच घडलं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या पुढाकाराने 1978 साली छापलेल्या भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा संग्रह तयार झाला, 500 उतारे, प्रत्येकी सुमारे 2000 शब्दांचे. अमेरिकन आणि ब्रिटिश इंग्रजीच्या 1961 च्या संग्रहांशी ताडून पाहता यावा असा तो बेतलेला होता. 1986 मध्ये तो अभ्यासकांना खुला झाला आणि जगभर ‘कोल्हापूर कॉर्पस’ या नावाने ओळखला गेला. कोल्हापूरचं नाव भाषाविज्ञानाच्या ग्रंथांत असं नोंदलं गेलं याचा मला मोठा अभिमान वाटतो. पण तो छापील मजकूर आहे, म्हणजे संपादकाच्या हाताखालून गेलेला. रजेचा अर्ज, दुकानातलं बोलणं, मुलाखतीतलं उत्तर त्यात येणार नाही. पुढच्या ‘इंटरनॅशनल कॉर्पस ऑफ इंग्लिश’च्या भारतीय विभागाने ती उणीव भरून काढली, त्यातल्या दहा लाखांपैकी सहा लाख शब्द बोललेल्या इंग्रजीचे आहेत. युलिया डाविडोवा यांनी 2011 च्या पुस्तकात भारत, सिंगापूर आणि पूर्व आफ्रिकेतल्या इंग्रजीचा पूर्ण काळ एकत्र तपासला.

या अभ्यासांनी ‘चूक’ या शब्दाची धार कमी केली, ते चांगलंच झालं. पण लोणीच्या मुलाला मी ‘तुझी बोली आहे, असू दे’ असं सांगणार नाही. ज्याला दोन्ही रूपं येतात त्याने निवड करावी. ज्याला एकच येतं त्याच्यापुढे निवडच नसते. आणि नोकरीची दारं बोलीचे अभ्यासक उघडत नाहीत.

शिकवण्याच्या बाजूला मात्र आपण मागे आहोत. तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’वर मराठी घरांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्यासमोर इंग्रजी वाक्य ठेवायचं, ही तिची रीत. नंतर रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण घरोघर आलं. त्यातले रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही कादंबरी लिहिणारे पी. सी. रेन, हिंदुस्थानच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले. त्या पुस्तकाने नियम स्वच्छ दिले, पण समोर मराठी नाही. 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी आणलं. मराठीचा आधार न घेता इंग्रजीतूनच इंग्रजी शिकवायचं, हा विचार तोपर्यंत वर्गात रुळला होता. बोलायला धीट करण्यासाठी तो चांगला आहे. पूर्ण काळासाठी तो अपुरा आहे, कारण इथे मुलाची अडचण इंग्रजीच्या अज्ञानातून येत नाही, मराठीच्या पक्क्या सवयीतून येते. आणि सवयीचं नावही न घेता ती मोडता येत नाही.

परीक्षेतला प्रश्न पाहा. ‘ही हॅज लिव्ह्ड हिअर डॅश टू इयर्स.’ कंसात ‘सिन्स’ आणि ‘फॉर’. मूल पुढे आकडा आहे की साल एवढं पाहतं आणि ‘फॉर’ लिहून गुण मिळवतं. क्रियापद आधीच छापून दिलेलं असतं, ते वाचायची गरज पडत नाही. तेच मूल संध्याकाळी अर्ज लिहिताना ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स’ लिहितं. माझ्या मते प्रश्न उलटा हवा. ‘मी लोणीत पाच वर्षं राहिलोय’, ‘मी लोणीत पाच वर्षं राहतोय’, ‘मी पाच वर्षांपूर्वी लोणीत आलो’, ‘मला लोणीत येऊन पाच वर्षं झाली’ ही चार वाक्यं मराठीत द्यावीत आणि क्रियापद व अव्यय दोन्ही मुलालाच ठरवू द्यावीत. पहिल्या दोहोंना इंग्रजीत एकच वाक्य चालतं, मग ‘अजून राहतोय’ हे सांगायला काय करावं लागेल, हा पाचवा प्रश्न. त्याला ‘हॅव बीन लिव्हिंग’ हे उत्तर आहे, ‘फॉर फाइव्ह इयर्स’ पुढे आणणं हेही आहे, आणि शेवटी ‘अँड आय स्टिल लिव्ह हिअर’ जोडणं हेही. तिन्हींना पूर्ण गुण द्यावेत.